लहान बॅटरी

सकाळी चूळ भरायच्या आधी मधुकर खेडीकर गाडीचं बॉनेट उघडायचा. अंगात बनियन, पायात बायकोच्या, सिंधूच्या, जुन्या स्लिपर, हातात मीटर. लाल टोक अधिकला, काळं उण्याला. व्होल्टचा आकडा स्थिर होईस्तोवर तो श्वास धरून उभा राही. बारा-सहा आला की श्वास सोडी. बारा-दोन आला की शिवी सोडी.

समोरच्या क्वार्टरच्या छपरावर लंगूर बसलेले असत. त्या क्वार्टरची दारं चोरांनी कधीच उचकटून नेली होती आणि बैठकीच्या खोलीतून घाणेरीचं झुडूप खिडकीबाहेर आलं होतं. कारखान्याच्या टाउनशिपमधले निम्म्याहून जास्त क्वार्टर असेच. कारखान्याने नवी माणसं घ्यायचं बंद केलं, जुनी निवृत्त होऊन आपापल्या गावी गेली, आणि मग ओसाड घरं सांभाळायला फुकटचे पहारेकरी हवेत म्हणून निवृत्तांनाच ती भाड्याने द्यायला लागले. अट एकच. किल्ली एकदा परत केली की पुन्हा मिळणार नाही. ज्या घरात पोरगा रांगला त्या घरात मधुकर आता भाडेकरू होता, आणि त्याचंही त्याला अप्रूप होतं. मूळ गावी, नागपूरला, त्याचं काही उरलं नव्हतं. जे काही होतं ते इथं, भोपाळात, या पिवळ्या भिंतींत.

गाडी विजेची. हेमंतने, म्हणजे पोराने, पुण्याहून घेऊन दिलेली. सिंधूच्या किडन्या गेल्या तेव्हा. आठवड्यातून तीनदा बिट्टन मार्केटच्या पुढच्या हॉस्पिटलात डायलिसिस. हेमंत म्हणाला होता, "आईला धक्के नकोत, धूर नको, ही गाडी लोण्यासारखी चालते." खरंच चालायची. पण गाडीबरोबर एक ॲप आलं, आणि ते ॲप हेमंतच्या फोनमध्ये. गाडी कुठे आहे, किती चार्ज आहे, दार लागलंय की नाही, सगळं त्याला पुण्यात बसून दिसे.

या गाडीत बॅटऱ्या दोन असतात, हे लोकांना ठाऊक नसतं. एक मोठी, सीटांखाली, पलंगाएवढी. चाकं ती फिरवते, कौतुक तिचं होतं, टक्के तिचे मोजतात. दुसरी बॉनेटखाली कोपऱ्यात, पोळ्यांच्या डब्याएवढी, बारा व्होल्टची, कुठल्याही साध्या पेट्रोल गाडीत असते तशीच. दार उघडायचं, दिवे लावायचे, गाडीचा कॉम्प्युटर जागा करायचा आणि मोठीला गाडीशी जोडणारा खटका ओढायचा, ही हमाली हिची. ही मेली की मोठी काठोकाठ भरलेली असो, गाडी म्हणजे पत्र्याची पेटी.

मधुकरला हे कुणी शिकवायला नको होतं. उभी हयात त्याने कारखान्याच्या सबस्टेशनच्या बॅटरी रूममध्ये काढली होती. पँटींना ॲसिडची भोकं, नाकात तो आंबट वास, आणि टाउनशिपभर नाव 'बॅटरीवाले काका'. कुणाचा इन्व्हर्टर, कुणाची स्कूटर, कुणाच्या घरचा कॉर्डलेस फोन, सगळं त्याच्याकडे यायचं. आणि त्याने आजवर कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. लोक याला चांगुलपणा म्हणत. म्हणोत बिचारे.

उन्हाळा लागला तशी लहान बॅटरी बसायला लागली. गाडी नुसती उभी राहिली तरी सकाळी आकडा उतरलेला. मधुकरने आधी तारा तपासल्या, मग दारातला दिवा, मग सगळे फ्यूज. काही सापडेना. शेवटी एका रविवारी हेमंत मित्रांबरोबर कुठल्याशा किल्ल्यावर गेला, दिवसभर फोनला रेंज नव्हती, आणि सोमवारी सकाळी आकडा जसाच्या तसा. मधुकर बॉनेटवर हात ठेवून तसाच उभा राहिला.

त्या दिवशी त्याने फोन केला. "हेमंत, तू ते ॲप किती वेळा उघडतोस रे?"

"का? उघडतो अधूनमधून. मीटिंगमध्ये बोअर झालो की."

"तू उघडलंस की गाडी जागी होते. तिला झोपू देत नाहीस तू. लहान बॅटरी बसून राहिली त्याने."

"बाबा, एवढ्याशा गोष्टीने काय होतं! कंपनीवाले काय येडे आहेत का ॲप द्यायला?" मग आवाज बदलला. "बॅटरी बसतेय म्हणजे? प्रॉब्लेम आहे का गाडीत?"

"नाही नाही. मी आपलं सहज."

"सहज नका बोलू. मी स्पष्ट सांगतो बाबा, गाडी एकदा जरी बंद पडली, आई एकदा जरी रस्त्यात अडकली, तर मी कुणाचं ऐकणार नाही. क्वार्टर सोडायचा आणि सरळ पुणे. माझ्या सोसायटीच्या मागेच डायलिसिस सेंटर आहे. तुमच्या हट्टापायी मी इथे रोज मरतो."

"सगळं ठीक आहे," मधुकर म्हणाला.

झालं. बोलायची ती एकच वेळ होती आणि ती त्याने सहज म्हणून घालवली. पोराला 'बघू नकोस' म्हणून ठणकावून सांगायची छाती नव्हती. त्या पोराचीही गंमत बघा. आईला बघायला वर्षातून दोनदा यायचा, गाडीला बघायचा दिवसातून वीसदा.

बॅटरी बदलून टाकावी तर शोरूममध्ये काम केलं की मेसेज हेमंतच्या नंबरवर जाणार. म्हणून मधुकर तिला जपायला लागला. कारखान्यातून निवृत्त होताना भंगारात काढलेला एक चार्जर त्याने घरी आणला होता, तो माळ्यावरून काढला. एक दिवसाआड रात्री तो लावायचा. संध्याकाळी गाडी चालू करून नुसतीच उभी ठेवायचा, म्हणजे मोठीतून लहानीत वीज उतरे. सिंधू दारच्या ओट्यावर बसून हे बघत राही.

"माझं बीपी इतक्या वेळा नाही पाहिलं कधी," ती एकदा म्हणाली.

"तुझं बीपी बघायला नर्स आहे. हिला कोण आहे?"

"शकीलचा ऑटो लावू महिन्याने. तो मला हात धरून चढवतो. मी केव्हाची म्हणून राहिले."

शकील नेहरू नगरचा ऑटोवाला. गाडी यायच्या आधी तोच तिला नेत असे.

"नाही," मधुकर म्हणाला. "घरात गाडी असताना ऑटो? हेमंतला काय दिसेल, गाडी जागची हललीच नाही?"

डाव्या हातावर जिथे सुया टोचतात तिथे दोरासारखी शीर फुगलेली होती, तिच्यावरून सिंधू बोट फिरवत राहिली.

नवतपा, उन्हाळ्यातले ते सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू झाला. रोहिणीचं ऊन भोपाळात असं पडतं की कुत्रीसुद्धा नाल्यांत जाऊन बसतात. त्यातल्याच एका मंगळवारी सकाळी भटनागर साहेबांचा ड्रायव्हर दारात आला.

भटनागर साहेब म्हणजे कारखान्याचे निवृत्त जनरल मॅनेजर. टाउनशिपच्या कुंपणापलीकडे त्यांनी बंगला बांधला होता. मधुकरच्या निवृत्तीलाही आता बरीच वर्षं झाली होती, साहेबांच्या तर त्याहून जास्त. कुणी कुणाचा नोकर राहिला नव्हता. पण कारखाना माणूस घेताना त्याचा पाठीचा कणा जमा करून घेतो आणि निवृत्तीच्या दिवशी घड्याळ देतो, श्रीफळ देतो, कणा तेवढा परत करायचा विसरतो.

"साहब याद कर रहे हैं," ड्रायव्हर म्हणाला. "गाड़ी महीने भर से खड़ी थी, उठ नहीं रही. अपनी गाड़ी ले के आ जाओ, बोले."

मधुकरने किल्ली घेतली. सिंधू आतून पदराने तोंड पुसत आली. "कुठं निघाले?"

"साहेबांची बॅटरी बसली. जरा झटका द्यायचाय."

"आपल्या गाडीने? तुम्हीच तर म्हणत होते, हिच्याने दुसरी गाडी चालू करायची नसते."

"बघतो ना मी. मीटर आहे जवळ."

"अहो, नाही म्हणा. मेकॅनिक मरून गेले का भोपाळातले? नाही म्हणा, एवढंच म्हणते मी."

"साहेब आहेत, सिंधू."

"साहेब असतील त्यांच्या घरी."

तो गेला.

बंगल्याच्या पोर्चमध्ये साहेबांची डिझेलची दांडगी गाडी उभी होती, धुळीने माखलेली. साहेब गाऊनमध्ये, हातात पेपर. "खेडीकर! आओ बैटरीवाले बाबा! होशंगाबाद जाना है, समधी के यहां, और ये भैंस बैठ गई."

"सर, इलेक्ट्रिक से झटका नहीं देते," मधुकर म्हणाला. म्हणाला हो, अगदीच मुका नव्हता. "छोटी बैटरी होती है. इतना करंट उसके बस का नहीं. बुक में भी मना लिखा है."

"तू कब से बुक से चलने लगा?" साहेब हसले. ड्रायव्हरकडे वळून म्हणाले, "इस आदमी ने मेरा पूरा सबस्टेशन चलाया है. एक दिन बत्ती नहीं जाने दी. इससे एक गाड़ी नहीं चलेगी?"

बस. एवढं पुरलं. जी गोष्ट ऐकायला माणूस उभा जन्म आसुसला होता ती नोकरीत असताना कधी कुणी बोललं नाही, बढती देताना बोललं नाही, निरोप समारंभात त्याचं नाव चुकीचं घेतलं. आणि आता, गाऊनच्या खिशात हात घालून, फुकटात. मधुकरला चांगलं कळत होतं की हा डिझेलचा राक्षस आपल्या पोळ्यांच्या डब्याला पिळून काढणार. त्याने बॉनेट उघडलं. स्वतःची गाडी पूर्ण बंद ठेवली, म्हणजे निदान आतली नाजूक यंत्रं वाचतील. जाड केबल लावल्या.

"मारो," तो ड्रायव्हरला म्हणाला.

डिझेल घुरघुरलं आणि थांबलं. मीटरचा आकडा दरीत पडल्यासारखा खाली गेला.

"सर, बस. इसके आगे..."

"एक बार और, यार. पकड़ रही है."

दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा तिने काळा धूर ओकला आणि सुरू झाली. साहेबांनी टाळी वाजवली. "मैं बोला था ना!" मग केबल गुंडाळत असलेल्या मधुकरला म्हणाले, "ये रहने दे हमारी गाड़ी में. रास्ता लंबा है, फिर बैठ गई तो?"

त्या केबल मधुकरच्या डिकीतून कधी हलत नसत. तांब्याच्या, त्याने स्वतः टोकं जोडलेल्या.

"जी सर," मधुकर म्हणाला.

त्याची स्वतःची गाडी कशीबशी जागी झाली. घरी येऊन त्याने रात्रभर चार्जर लावला. सकाळी आकडा बरा दिसला, दुपारपर्यंत उतरला. बॅटरी रूममध्ये त्याने असे आकडे शेकड्याने पाहिले होते. आतला एक कप्पा गेला होता. ही आता दुखणाईत नव्हती, ही आता मरणाला टेकली होती. बुधवारचं डायलिसिस तिने कसंबसं ओढून नेलं. त्या दुपारी तो नेहरू नगरच्या बॅटरीवाल्याकडे गेला. शोरूमला न कळता बाहेरच्या बाहेर बदलून टाकायची. दुकानदार म्हणाला, "अंकल, ये साइज मंगानी पड़ेगी. शनिवार को आ जाओ."

मध्ये फक्त शुक्रवार होता.

गुरुवारी रात्री सिंधूने पुन्हा विचारलं. "उद्याच्या दिवस शकीलला सांगू?"

"नाही म्हटलं ना. हेमंत बघत असतो डायलिसिसच्या दिवशी. गाडी घरी दिसली तर लगेच फोन करेल."

"मग सांगा ना त्याला खरं."

"खरं सांगितलं तर हा क्वार्टर जाईल. जायचंय तुला पुण्याला? बाराव्या मजल्यावर? खाली उतरायचं तर लिफ्टवाल्याची वाट बघत?"

तिने त्याला विचारलं नाही की तुम्हाला काय हवंय ते सांगताय की मला काय हवंय ते. अशा गोष्टी या घरात विचारायची रीत नव्हती.

शुक्रवारी गाडी नीट गेली. चालू असताना मोठी बॅटरी लहानीला सांभाळून घेते, तेव्हा काही कळत नाही. हॉस्पिटलच्या उघड्या पार्किंगमध्ये सावलीची जागा भरलेली. त्याने उन्हातच लावली. सिंधूला वर सोडलं आणि बाकावर बसला. तिकडे मशीन तिचं रक्त काढून धुऊन परत घालत होतं. इकडे उन्हात पत्रा तापत होता. आणि पुण्यात हेमंत, आईची काळजी म्हणून, दर थोड्या वेळाने फोन उघडून बघत होता, निघाले का, निघाले का. दर वेळी ती मरायला टेकलेली बॅटरी डोळे उघडून सांगत होती, नाही, अजून नाही.

दुपारी वॉर्डबॉयने सिंधूला चाकाच्या खुर्चीतून खाली आणलं. डायलिसिस झालं की ती पिळलेल्या फडक्यासारखी व्हायची. हातावर कापसाची पट्टी घट्ट बांधलेली. मधुकरने किल्लीचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. किल्लीत दडवलेली साधी चावी काढून त्याने दार उघडलं, आत बसला, बटण दाबलं. समोरचा पडदा काळा. एक साधी टिकटिकही नाही.

"अंकल, कुर्सी वापस ले जानी है," वॉर्डबॉय म्हणाला.

सिंधूला त्याने पार्किंगच्या कडेच्या बुटक्या भिंतीवर बसवलं. भिंत तव्यासारखी. त्याने खाली आपला रुमाल घातला.

"ऑटो करा," ती म्हणाली. गेटबाहेर ऑटो उभे होते. दिसत होते.

"थांब दोन मिनिटं. कुणाकडे केबल मिळाली की झालं."

तो धावला. एका टॅक्सीवाल्याकडे केबल नव्हती. दुसऱ्याकडे होती, पण त्याने हात जोडले. "इलेक्ट्रिक है अंकल? ना बाबा. मेरा कंप्यूटर उड़ गया तो सेठ मुझे उड़ा देगा." गार्ड म्हणाला, धक्का मारून बघू. मधुकरला हसू आलं नाही. मग त्याने भटनागर साहेबांना फोन लावला. त्यांच्याकडे केबल होत्या, चालू गाडी होती, ड्रायव्हर होता.

"अरे खेडीकर, तेरे लिए तो अभी भेजता हूं," साहेब म्हणाले. "बस ड्राइवर मैडम को बिट्टन मार्केट से उठा ले, वहीं से सीधा तेरे पास. दस मिनट."

"साहेब पाठवतायत," मधुकरने येऊन सांगितलं. त्याच्या आवाजात आनंद होता. हो, आनंदच.

सिंधूने पदर डोक्यावरून पुढे ओढला. "ऑटो करा हो. मला गरगरतंय."

"साहेब म्हणाले ना, दस मिनट. गाडी इथे सोडून गेलो तर हेमंतला..."

तेवढ्यात हेमंतचाच फोन. "बाबा, गाडी ऑफलाइन दाखवतेय. कुठे आहात?"

मधुकरने बायकोकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. "घरी पोचलो," तो म्हणाला. "इथे नेटवर्कचा लोच्या आहे. आई झोपली आता."

भिंतीवर बसलेल्या बाईने हे ऐकलं. ऐकून तिने मान खाली घातली. ती मान मग वर आलीच नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली. साहेबांची गाडी नाही. मधुकर गेटपर्यंत जायचा, रस्ता बघायचा, परत यायचा. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा सिंधूच्या हातावरची पट्टी लाल होऊन लाल थेंब भिंतीवरून खाली ओघळत होते, आणि ती बाजूच्या स्कूटरवर कलंडली होती. तिची शुद्ध हरपली होती.

तिला आत नेलं ते त्या टॅक्सीवाल्याने, ज्याने केबल द्यायला नकार दिला होता. दोन्ही हातांवर उचलून, पळत. मधुकर तिच्या चपला हातात घेऊन मागे.

बीपी खाली गेलं होतं, रक्त गेलं होतं, हृदयाचे ठोके चुकत होते. आयसीयूत तिला रात्र काढावी लागली. त्या संध्याकाळी मधुकर बाहेरच्या खुर्चीवर बसलेला असताना फोन वाजला.

"खेडीकर, ये क्या बात हुई?" भटनागर साहेब खरोखर दुखावलेले होते. "मैंने गाड़ी भेजी, तू मिला ही नहीं. ड्राइवर आधा घंटा धूप में खड़ा रहा बेचारा."

इथे एखाद्याने फोन भिंतीवर आपटला असता. एखाद्याने निदान खरं सांगितलं असतं.

"सॉरी सर," मधुकर म्हणाला.

रात्री हॉस्पिटलमधून फोन गेला आणि हेमंत पहाटेच्या विमानाने आला. तोपर्यंत सिंधूला वॉर्डात आणलं होतं. त्याने आधी आईच्या कपाळावर हात ठेवला, मग बापाला बाहेर घेतलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही मला सांगितलंत, आई झोपली."

मधुकरने सिंधूच्या चपला बाकाखाली सरकवल्या.

"मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती, बाबा. एकच."

"तू सारखं बघत होतास," मधुकर म्हणाला. त्याचा स्वतःचाच आवाज त्याला पोरकट वाटला. "त्याने बसली ती. मी तुला म्हटलं होतं."

"म्हणजे आईला उन्हात मी बसवलं?"

गाडी पोराने मारली, साहेबांनी मारली, हे सगळं खरं. पण ऑटो गेटबाहेर उभे होते, आणि त्यांच्याकडे पाठ करून साहेबांची वाट बघत उभा होता तो हाच.

हेमंत चहा आणायला खाली गेला. जाता जाता दारात थांबून म्हणाला, "मी आल्यावर ठरवू. आज ठरवूनच टाकू." त्याने बोलावलेला शोरूमचा माणूस सकाळीच पार्किंगमध्ये येऊन नवी लहान बॅटरी बसवून गेला होता. चहा उकळायला लागतो त्याहून फार वेळ लागला नाही.

मधुकर सिंधूच्या खाटेशी बसला. तो वाट बघत होता ती नाही म्हणेल याची. ती म्हणेल, मी माझ्या घरी जाते, मला कुठलं पुणं नको. बाईने हट्ट धरला तर पोरगा ऐकेल. सगळी मदार आता तिच्यावर होती.

"तो आला की त्याला सांग," मधुकर हळूच म्हणाला. "सांग की तुला इथंच राहायचंय."

सिंधू छताकडे बघत होती. "मी जाते पुण्याला."

"अगं, क्वार्टर गेला तर परत..."

"माहीत आहे मला."

"तुला कधीच जायचं नव्हतं ना?"

"मला कुणी विचारलं होतं का कधी?" तिचा आवाज अगदी बारीक होता, पण शब्द तुटत नव्हते. "पोराला तुम्हाला सांगता आलं नाही, बघू नको म्हणून. साहेबाला नाही म्हणता आलं नाही. त्या भिंतीवर बसून मी मोजून राहिले होते, या माणसाने उभ्या जन्मात कुणाकुणाला नाही म्हटलं. एकच नाव आलं. ऑटो लावा म्हटलं, नाही. खरं सांगा म्हटलं, नाही. मरायला लागले तरी, दोन मिनिटं थांब."

"सिंधू..."

"तुम्ही यायचं तर या. नाही तर राहा त्या लंगुरांबरोबर."

हेमंत चहा घेऊन आला. कागदी कप खिडकीच्या कठड्यावर ठेवले. दोघांच्या तोंडांकडे पाहिलं. "काय ठरलं?"

मधुकरला त्या पिवळ्या भिंती दिसल्या. पोरगा जिथे पहिल्यांदा उभा राहिला तो उंबरा, आंब्याचं झाड, ओट्यावरची सिंधू. एकदा किल्ली दिली की तिथेही घाणेरी उगवणार, दारं जाणार. आता एक शब्द म्हणायचा होता. म्हटला असता तर पोरगा भांडला असता, कदाचित काही मार्ग निघाला असता, कदाचित नसता.

"हो," तो म्हणाला.

"क्वार्टर सोडायचं मी आजच टाउनशिपच्या ऑफिसला कळवतो. चालेल ना?"

"हो."

"आणि गाडी विकूनच टाकू. पुण्यात पार्किंग एकच आहे."

"हो."

हेमंत फोन काढून व्हरांड्यात गेला. सिंधूने डोळे मिटले होते. तिच्या ओठांवर सालं निघाली होती. "पाणी," ती म्हणाली.

तिला पाणी मोजून द्यायचं होतं. लघवी होत नाही त्या पेशंटचं पाणी अंगातच साठतं, छातीत चढतं. नर्सने झाकणाएवढं सांगितलं होतं, तासाला एकदा. मधुकरने बाटलीचं झाकण भरलं, तिची मान हाताने उचलली आणि ओठांशी लावलं. तिने ते एका घोटात संपवलं. जिभेने झाकणाची कड चाटली. कालपासूनचं सगळं ऊन तिच्या घशात असावं.

"अजून द्या," ती म्हणाली. "एवढंसं. हेमंत यायच्या आत."

मधुकरने झाकण बाटलीला लावलं, घट्ट फिरवलं.

"नाही," तो म्हणाला.